कालीघाटचा बाबू: पैशा-दोन पैशांत मिळणारी श्रीमंतांची टर

कानात हेडफोन घालून ऐकणारे आणि लोकलमध्ये आवाज बंद करून इथे वाचणारे, दोघांचंही स्वागत. नेहमीप्रमाणे हे आजच्या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे छाटलेत, सगळे नाही.

‘बाबू’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आपल्याकडे बाबू म्हणजे सरकारी कचेरीत फायलीआड बसलेला माणूस. ‘जेवणानंतर या’ म्हणणारा. पण आज आपण ज्या बाबूला भेटणार आहोत तो 19व्या शतकातल्या कोलकात्याचा आहे. त्याच्याकडे फायली नाहीत, पैसा आहे. केसांचा मधोमध भांग पाडलाय, दोन्ही बाजूंना झुलपं फुगवलीत. अंगावर चुणीदार झिरझिरीत धोतर, ते इतकं लांब की पुढचं टोक हातात धरून चालावं लागतं. खांद्यावर शाल, पायात चकचकीत बकलाचे विलायती बूट. बसायला नक्षीदार विलायती खुर्ची, हातात हुक्क्याची नळी.

आणि हे सगळं आपल्याला माहीत आहे ते कोणत्या राजचित्रकारामुळे नाही. देवळाबाहेर फूटपाथवर बसून देवांची चित्रं विकणाऱ्या गरीब माणसांनी या बाबूला रंगवलं. हसत हसत रंगवलं. आजचा भाग त्या हसण्याबद्दल आहे. ते कुणावर होतं, आणि शेवटी कुणाला लागलं?

देवळाच्या दारात

कोलकात्याच्या दक्षिणेला, आदिगंगेच्या काठी कालीमातेचं देऊळ आहे, कालीघाट. देवस्थान जुनं, पण आज दिसणारी इमारत 1809 सालची. कोलकाता तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानाची राजधानी होतं. रस्ते झाले, गर्दी वाढली, यात्रेकरू येऊ लागले. यात्रेकरू आला की त्याला घरी न्यायला काहीतरी लागतं. पंढरपूरहून आपण बुक्का, चुरमुरे आणि विठोबाची तसबीर आणतो ना, तसंच.

ही गरज ओळखली पटुआंनी. पटुआ म्हणजे बंगालच्या खेड्यांतून फिरणारे चित्रकार. कापडाच्या किंवा कागदाच्या लांबलचक गुंडाळीवर गोष्ट रंगवायची, गावात जाऊन ती हळूहळू उलगडायची आणि गाऊन सांगायची. आपल्या सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी आठवा. तिथे गुंडाळीऐवजी सुट्या चित्रांची पोथी असते, पण धंदा तोच: चित्र दाखवा, गोष्ट गा, पोट भरा.

मेदिनीपूर, चोवीस परगणा अशा भागांतून ही मंडळी 19व्या शतकाच्या पूर्वार्धात कालीघाटला आली. इथे त्यांना कळलं की घाईतल्या यात्रेकरूला वीस फुटांची गुंडाळी नको आहे. त्याला हातात मावेल असं एक चित्र हवंय, आणि स्वस्त हवंय. मग त्यांनी गोष्टच कापली. लांब गुंडाळीतला एकच प्रसंग उचलायचा, एक-दोनच माणसं काढायची आणि मागे काहीही रंगवायचं नाही, पांढरा कागद तसाच सोडायचा. गिरणीत तयार झालेला पातळ स्वस्त कागद, साधारण 45 बाय 28 सेंटिमीटर. पाण्यातले रंग, त्यात डिंक. बकरीच्या किंवा खारीच्या शेपटीच्या केसांचा कुंचला.

काम घरातच, वाटून. एकजण मूळ नमुन्यावरून पेन्सिलीने आकृती उतरवणार. दुसरा अंगाची गोलाई छटांनी दाखवणार. तिसरा रंग भरणार. शेवटी काजळीच्या काळ्या रंगाने बाहेरची रेघ. त्या काळ्या रेघेकडे मुद्दाम बघा. खांद्यापासून मनगटापर्यंत एका फटकाऱ्यात उतरलेली असते, मध्ये कुंचला उचललेला नाही. शंभरदा काढून हात बसल्याशिवाय ती येत नाही. किंमत? पैसा, दोन पैसे, असंच काहीतरी. म्हणजे मजुरालाही परवडेल अशी.

आधी अर्थात देवच. काली, दुर्गा, शिव-पार्वती, कृष्ण, गणपती. पण रोज दिवसभर देवळाच्या रस्त्यावर बसलेल्या माणसाला देवाबरोबर भक्तही दिसतात. पालखीतून उतरणारे, बग्गीतून उतरणारे, अत्तराचा वास मागे सोडून जाणारे. मग एक दिवस कुंचला त्यांच्याकडे वळला.

हा बाबू आला कुठून?

यासाठी एक साल लक्षात ठेवा: 1793. लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत आणली. सरकारला द्यायचा शेतसारा कायमचा ठरला आणि तो वसूल करून देणारा जमीनदार जमिनीचा मालक झाला. कुळांकडून सक्तीने वसुली करायला गावात कारभारी होतेच, त्यामुळे पुष्कळ जमीनदारांना गावात राहायची गरज उरली नाही. ते कोलकात्यात येऊन राहू लागले. त्यांच्या जोडीला कंपनीच्या साहेबांचे दलाल, ज्यांना तिकडे ‘बनियन’ म्हणत. मीठ, कापड, अफू, व्याजबट्टा यांतून एका पिढीत पैसा आला.

पहिल्या पिढीने कमावला, दुसऱ्या-तिसऱ्या पिढीने उडवला. बुलबुलांच्या झुंजी, पतंगबाजी, कबुतरं, रात्रभर नाचगाणं. मांजराच्या लग्नावर हजारो रुपये उधळल्याच्या कथा शहरभर सांगितल्या जात. एकीकडे नवाबी थाट, दुसरीकडे साहेबी नक्कल. तो भांग माहितीये कुणाचा? व्हिक्टोरिया राणीचा नवरा प्रिन्स अल्बर्ट, त्याच्या नावाने. कोलकात्यात त्या फॅशनला चक्क ‘अल्बर्ट’ म्हणत. आपण एखाद्या हिरोच्या नावाचा कट मारून घेतो ना, तसं.

यांची टर उडवणारे पटुआ पहिले नव्हते. भवानीचरण बंद्योपाध्याय यांचं ‘नवबाबूविलास’ 1825 मध्ये आलं. काली प्रसन्न सिंह यांचं ‘हुतोम प्यांचार नक्शा’ 1862 च्या सुमारास. हुतोम म्हणजे घुबड. रात्री जागून शहराची लफडी बघणारा. पुढे बंकिमचंद्रांनीही ‘बाबू’ नावाचा खोचक लेख लिहिला. पण मंडळी, हे सगळे लेखक स्वतः शिकलेले, वरच्या वर्गातले. काली प्रसन्न सिंह तर जमीनदार घराण्यातलेच. ते घरातल्या माणसाची चेष्टा करत होते. पटुआ मात्र घराबाहेरचा, म्हणजे अक्षरशः फूटपाथवरचा. आणि त्याचं चित्र समजायला वाचता येण्याची गरज नव्हती.

टर उडवायची तरी कशी?

आता दोन-तीन चित्रं डोळ्यांसमोर आणू. मोबाईलवर शोधलीत तर लगेच सापडतील.

पहिलं, माझं सगळ्यात आवडतं: कार्तिकेय. शंकराचा मुलगा, देवांचा सेनापती. मोरावर बसलाय. पण नीट बघा, डोक्यावर अल्बर्ट भांग, चुणीदार धोतर, पायात बकलाचे बूट! देवाला बाबूचा पोशाख. आता यात चेष्टा कुणाची? बाबूला वाटेल, वा, आपण देवासारखे दिसतो. बघणाऱ्या हमालाला वाटेल, बघा, सेनापती निघालाय लढाईला आणि भांग विस्कटू नये म्हणून जपतोय. एकच चित्र, आणि दोघंही ते विकत घेऊन जाणार. धंद्याची अक्कल यालाच म्हणतात.

दुसरं: मांजर. गुबगुबीत मांजर, तोंडात मासा नाहीतर कोळंबी, आणि कपाळावर वैष्णवाचं गंध. वैष्णव साधूला मासे वर्ज्य. म्हणजे भोंदू बुवा. एक अक्षर लिहिलेलं नाही, पण बंगाली माणसाला अर्धा सेकंद पुरे. आजच्या भाषेत हे मीम आहे, आणि देवळाच्या दारात विकलं जातंय!

तिसरं: एक बाई हातात दोरी धरून उभी. दोरीच्या दुसऱ्या टोकाला मेंढा, आणि मेंढ्याला बाबूचं तोंड. नायकिणीने बाबूचा मेंढा केला. बंगाली लोककथांत मंत्र टाकून पुरुषाचं जनावर करणाऱ्या बायका असतात, तीच कल्पना इथे आली.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट सांगतो. ही चित्रं बघताना मला पटुआंचा राग कुठेच दिसत नाही. बाबूचा चेहरा देखणाच काढलेला असतो. मोठे डोळे, गोल गाल, सुंदर बोटं. देवांचे चेहरे काढून काढून हात इतका बसला होता की बाबूही देवाच्याच साच्यात उतरला. बहुधा म्हणूनच ही टर टिकली. कुरूप काढलेला माणूस एकदा हसवतो. देखणा काढलेला माणूस, हातात आपल्याच धोतराचं टोक सांभाळत उभा असलेला, दर वेळी हसवतो.

आता थोडं अवघड

इथपर्यंत मजा आहे. गरीब चित्रकार श्रीमंतांना हसतोय, आपण त्याच्या बाजूने टाळ्या वाजवतोय. पण या चित्रांचा पूर्ण गठ्ठा समोर ठेवला की एक गोष्ट खटकायला लागते.

बाबूची फजिती दाखवायची तर कशी दाखवतात? बायको त्याला केरसुणीने मारते. नायकीण त्याच्या अंगावर पाय देऊन उभी राहते आणि तो खाली आडवा पडलेला असतो. पायाखालचा पुरुष बघून बंगाल्याला काय आठवणार? शिवावर उभी काली. फक्त इथे देवी नाही, बाजारातली बाई आहे. म्हणजे जग उलटं झालं, कलियुग आलं. त्या काळच्या लाकडी ठशाच्या छापचित्रांत हा विषय ‘घोर कली’ नावाने येतो: नवरा बायकोला खांद्यावर घेऊन चाललाय आणि म्हाताऱ्या आईला दोरी बांधून ओढतोय.

काळ आठवा. कोलकात्यात बेथूनसाहेबांची मुलींची शाळा 1849 मध्ये सुरू झाली. पुण्यात सावित्रीबाई-जोतीरावांनी त्याच्या आदल्या वर्षी, 1848 मध्ये सुरू केली होती. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 चा. बायका वाचू लागतील, बोलू लागतील, हा धसका सगळीकडे होता. मग बाबूचं पाप काय ठरलं? कुळांची पिळवणूक? ती या चित्रांत जवळजवळ दिसतच नाही. पाप हे ठरलं की तो बाईच्या आहारी गेला. हसणं निघालं होतं श्रीमंताच्या घराकडे, आणि वाटेत बाईच्या दारात थांबलं.

एलोकेशी

हे नुसतं मतप्रदर्शन वाटू नये म्हणून एका खऱ्या मुलीबद्दल सांगतो. या भागात खुनाचा उल्लेख आहे, जपून ऐका.

हुगळी जिल्ह्यात तारकेश्वर हे शंकराचं मोठं देवस्थान. तिथला महंत माधवचंद्र गिरी, पैसा आणि दरारा दोन्ही असलेला. जवळच्या गावात एलोकेशी नावाची 16 वर्षांची लग्न झालेली मुलगी आई-वडिलांकडे राहत होती. नवरा नवीनचंद्र बंद्योपाध्याय कोलकात्यात सरकारी छापखान्यात नोकरीला. मूल व्हावं म्हणून औषध घ्यायच्या निमित्ताने एलोकेशीला महंताकडे नेण्यात आलं. घरच्यांनीच हे घडू दिलं, अशी चर्चा होती. पुढे काय झालं याचे शब्द प्रत्येकाने आपापल्या सोयीने वापरले. कुणी बलात्कार म्हटलं, कुणी ‘नादाला लागली’ म्हटलं.

नवीन गावी आला तेव्हा त्याला कळलं. त्याने आधी तिला माफ केलं आणि कोलकात्याला न्यायचं ठरवलं. महंताच्या माणसांनी वाट अडवली. 27 मे 1873 रोजी नवीनने मासे कापायच्या विळीने एलोकेशीचा गळा चिरला आणि स्वतः पोलिसांत हजर झाला.

खटला बंगालभर गाजला. ज्युरीने नवीनला वेडाच्या भरात कृत्य घडलं म्हणून सोडायचं ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही, प्रकरण हायकोर्टात गेलं आणि जन्मठेप, काळ्या पाण्याची शिक्षा झाली. लोकांनी अर्जांवर अर्ज केले आणि 1875 मध्ये त्याला माफी मिळाली. महंताला तीन वर्षं सक्तमजुरी आणि 2000 रुपये दंड.

शिक्षा कशाबद्दल? व्यभिचाराबद्दल. भारतीय दंडविधानाचं कलम 497. त्या कलमात गुन्हा होता दुसऱ्याच्या बायकोशी संबंध ठेवण्याचा, आणि अन्याय झाला असं मानलं जाई ते नवऱ्यावर. एलोकेशीची इच्छा होती की नव्हती, हा प्रश्न कायद्याला पडायचीच गरज नव्हती. हे कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं कधी? सप्टेंबर 2018 मध्ये. तुमच्यापैकी अनेकांच्या हातात तेव्हा स्मार्टफोन होता.

आणि आपले पटुआ? त्यांच्यासाठी हा हंगाम होता. सगळं प्रकरण चित्रांच्या मालिकेत उतरलं. महंत एलोकेशीला औषध देतोय. नवीन आणि एलोकेशी भेटतायत. नवीनच्या हातात विळी. मग तिचं धड. मग कोर्ट. मग तुरुंगात मजुरी करणारा, घाणा ओढणारा महंत. या शेवटच्या चित्रावर लोक खूश. धर्माच्या नावाखाली माजलेला माणूस बैलासारखा राबतोय, आणि ते चित्र देवळाच्या दारातच विकलं जातंय, हे धाडस मी कमी लेखणार नाही. नाटकवाल्यांनी नाटकं केली आणि प्रेक्षक तुटून पडले. महंताने तुरुंगात काढलेल्या तेलाचं म्हणून डोकेदुखीचं मलम बाजारात आलं. मर्चंडाइज, दुसरं काय!

पण एलोकेशी कशी रंगवली? काही चित्रांत तीच नटूनथटून, हातात विडा घेऊन, नायकिणीच्या थाटात. पटुआच्या हातात ‘परपुरुषाबरोबर असलेली बाई’ यासाठी एकच तयार साचा होता, बाबूच्या नायकिणीचा. 16 वर्षांच्या मुलीला त्यात बसवलं गेलं. तिचं म्हणणं कोर्टात आलं नाही, कारण ती मेली होती. चित्रात आलं नाही, कारण तसा साचाच नव्हता.

मी पटुआंना आज कोर्टात उभं करत नाही. पैशाला एक चित्र विकणाऱ्या माणसाने दीडशे वर्षांनंतरच्या माझ्या मतांप्रमाणे वागावं, ही अपेक्षाच चुकीची. पण ‘वरच्यांवर हसणं म्हणजे नेहमीच खालच्यांच्या बाजूने असणं’ हे समीकरण मला आता तितकंसं पटत नाही. हसणाऱ्याच्या पायाखालीही कुणीतरी असू शकतं.

मुंबईचा धागा

ही चित्रं वाचली कशी? बंगाल्यांनी ती जपली नाहीत. भिंतीला डकवायची, फाटली की नवी आणायची. जपली ती परदेशी लोकांनी, गंमत म्हणून. त्यातलं एक नाव आपल्या ओळखीचं: जॉन लॉकवुड किपलिंग. 1865 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कला शाळेत शिकवायला आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दारावरची शिल्पं बघितलीत ना, ती त्यांच्या रचनेची. त्यांचा मुलगा रुडयार्ड, ‘जंगल बुक’वाला, त्याच साली मुंबईत जन्मला. लॉकवुड यांच्या संग्रहातली दोनशेहून जास्त कालीघाट चित्रं रुडयार्डने 1917 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमला दिली. आज जगातला या चित्रांचा सगळ्यात मोठा संग्रह तिथेच आहे. नाव वाचलंत ना? अल्बर्ट. ज्याच्या भांगाची टर उडवली, त्याच्याच नावाच्या इमारतीत बाबू जाऊन बसला.

आणि ही कला संपली कशी, यातही आपला हात आहे. दगडी छापखाने आले. 1878 च्या सुमारास कोलकात्यात कलकत्ता आर्ट स्टुडिओ आणि पुण्यात चित्रशाळा प्रेस. 1894 मध्ये मुंबईत राजा रविवर्म्याचा छापखाना, जो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. चकचकीत, रंगीत, हुबेहूब माणसासारखे दिसणारे देव, हजारोंच्या संख्येने. जर्मनीतून तर पटचित्रांच्याच छापील नकला येऊ लागल्या. हाताने काढणारा काय टिकणार? पटुआंची मुलं दुसऱ्या धंद्यांत गेली. 1930 च्या आसपास चित्रकार मुकुल डे यांनी या कलेवर लिहिलं, तेव्हा ती जवळपास संपलेली होती.

चेष्टा मात्र थांबली नाही. 1917 मध्ये गगनेंद्रनाथ टागोरांनी ‘विरूप वज्र’ नावाचा व्यंगचित्रांचा संग्रह काढला. साहेबी सूट घालून फिरणारे, वर जातीचा टेंभा मिरवणारे बंगाली भद्रलोक त्यांनी झोडपले. हे गगनेंद्रनाथ जोडासाँकोच्या टागोर वाड्यातले, रवींद्रनाथांचे पुतणे. म्हणजे आता वाड्यातला माणूसच वाड्याला हसत होता. फूटपाथवरून वर बघून हसणारा तोवर उठून गेला होता.

मला त्या उठून गेलेल्या माणसाबद्दल जास्त कुतूहल आहे. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही, कारण बहुतेक चित्रांवर सहीच नाही. बाबूच्या बुटाचं बकल त्याने किती बारकाईने बघितलं असेल! खाली बसलेल्या माणसाच्या नजरेच्या बरोब्बर समोर बूटच येतात ना.

तर मंडळी, आज रात्री म्युझियमच्या संकेतस्थळावर जाऊन कालीघाटचा कार्तिकेय शोधा. मोराकडे नंतर बघा, आधी बूट बघा. आणि त्याच संग्रहात एलोकेशीची चित्रं सापडली तर एक मिनिट थांबा, तिचा चेहरा बघा. तुम्हाला तिथे काय दिसलं ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात, तोवर मजेत राहा!